तोटीच्या पोटातला गाळ

मी एक जुनी प्लास्टिकची तोटी आहे. सोलापुरात म्हाळसाबाईंच्या स्वयंपाकघरात एक मोठी काचेची बरणी आहे, तिच्या बुडाशी मला बसवले आहे. मित्रांनो, मी माझा मोठेपणा सांगायला आलेली नाही. माझ्यामुळे एका सुनेला नको तो बोल लागला, तेवढे मला सांगून टाकायचे आहे.

साच्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. बाईंचे भाऊ सांगोल्याहून तडकलेली डाळिंबे पाठवत. त्यांचा रस बरणीत आंबवला, की दोनेक महिन्यांत झकास सिरका, म्हणजे व्हिनेगर, तयार होई. पाहुणे बाटल्या भरून नेत. मग बाई फडक्याने माझे नाक पुसत आणि म्हणत, "लई गुणाची तोटी हाय माजी." मी फुगून जाई. बरणी गरम पाण्याने लख्ख घासली जाई, पण मला कुणी खोलून पाहिले नाही. माझ्या पोटात गाळ साचत गेला. मला ते कळत होते. कौतुकाच्या नादात मी गप्प राहिले.

पुढे बाईंच्या मुलाचे, धनाजीचे, लग्न झाले आणि प्रियंका घरात आली. त्याच वर्षी सिरका नासला. वर बुरशी धरली, आणि नाक धरावे असा वास.

"पाळीत शिवलीस व्हय बरनीला?" बाईंनी सगळ्यांदेखत विचारले.

"न्हाय ओ आत्या, देवाशपथ न्हाय!"

तिचे कुणी ऐकले नाही. तेव्हापासून तिला बरणीजवळ जायची मनाई झाली. पाळीचे चार दिवस ती मागच्या पायरीवर बरणीकडे पाठ करून बसे, आणि मी ते बघत राही.

दुसऱ्या वर्षी तिची आई आजारी पडली, म्हणून ती दोन महिने वैरागला माहेरी होती. सिरका तरीही नासला. ती परतली तेव्हा बाई मला उपसून फेकायच्या बेतात होत्या.

"थांबा की आत्या. खोलून तर बगू."

"मी दुकानातनं तोटी धुवायचं औषध आनतो," धनाजी म्हणाला.

"कशाला? धुन्याचा सोडा हाय की घरात."

तिने मला सोड्याच्या गरम पाण्यात बुडवले, माझी कळ उपसली आणि जुन्या दातांच्या ब्रशने आतून घासले. काळा, बुळबुळीत गाळ बाहेर पडला. बाईंनी तो हुंगला. तोच नासका वास! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाई कपाळाला हात लावून खाली बसल्या.

यंदा रस काढला त्या दिवशी प्रियंका मागच्या पायरीवर बसली होती. बाई भांडे घेऊन तिच्याकडे गेल्या.

"ऊठ. बरनीत रस तू वत."

"आत्या, आज मी..."

"ठावं हाय मला. म्हनूनच."

तो सिरका आता माझ्यातून स्वच्छ वाहतो. बाईंनी आपली चूक अशी भरून काढली. मला तेवढेही जमले नाही. म्हणून मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. घरातले काही नासले, तर आधी तोटी खोलून धुवा. सोडा घरातच असतो. लोक आजही माझे कौतुक करतात, पण प्रियंका जवळ आली, की मला तिच्याकडे बघवत नाही.