जाळ्याचा वाटा

तलावात जाळं ओढून झालं, म्हणजे ओढ झाली, की आमच्याकडे पाळीवर, तलावाच्या बांधावर, मासळीचे ढीग लावतात. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक ढीग, आणि सगळ्यांत मोठा ढीग जाळ्याचा. ज्याच्या घरचं ओढजाळं, त्याच्या घरी तो जातो. नवरा वारल्यावरही तो माझ्याच घरी येत राहिला. विधवा बाई म्हणून कोणी दया केली नाही. जाळं आमचं, म्हणून ढीग आमचा. पाळीवर देवकाबाई जरा ताठ चालते असं बाया म्हणतात. म्हणू द्या.

ते जाळं ह्यांनी, भूपेशच्या बाबांनी, हातानं विणलं होतं. धागा चामोर्शीच्या बाजारातून आणला, ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळून तांबूस केला. जाळं तळाला बुडावं म्हणून खालच्या काठाला मातीच्या गोट्या लागतात, त्याही त्यांनीच वळल्या आणि भाजल्या.

भूपेश माझा एकुलता एक पोरगा. जंगलाच्या गेटाजवळ मोठं रिसॉर्ट झालं आहे, तिथं वाढपी आहे. डिसेंबरात एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. एवढा जवळ येऊन बसला की काहीतरी मागायचं असतं.

"माय, आपलं जाळं देशीन का चार दिवस? नाताळाची सजावट हाय. यंदा गावाची थीम ठेवली हाय."

"थीम म्हंजे?"

"म्हंजे हॉटेल गावासारखं दिसलं पाह्यजे."

"मंग गावातच काऊन नाई येत जेवाले?"

तो हसला. मग म्हणाला, "खाली पाटी लावतीन, माय. बाबाचं नाव लिहितीन."

त्या नावापायी मी जाळं दिलं. दिलं ते दिलं, वर हापशीवर, किराण्याच्या दुकानात, सगळीकडे सांगून आले की आमच्या घरच्यांचं नाव आता मोठ्या हॉटेलात लागणार. आमच्या मच्छीमार सोसायटीचे उमाजीभाऊ तेवढे म्हणाले, "वहिनी, संक्रांत झाली का सोमवारी ओढ हाय. जाळं येईन न तवापर्यंत?"

"येईन. आमचं जाळं का पळून जाते?"

नाताळाच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना तिथं जेवण होतं. मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले. सून रीता ओठ रंगवून तयार झाली. ऑटोत बसलो आणि गेलो.

दारातच बंडी उभी होती. बंडीचे बैल थर्माकोलचे. बंडीत चकचकीत कागदात बांधलेले डबे भरले होते. एक उचलून पाहिला तर रिकामा. मोहाच्या झाडावर, सगळ्या फांद्यांवर कापूस पसरलेला.

"हे काय व, रीता?"

"बर्फ हाय तो, आत्याबाई."

"वरोऱ्याच्या कापूस बाजारातला दिसते."

आत भिंतीवर पांढऱ्या रेघांची माणसं फेर धरून नाचत होती. असली माणसं आमच्या भागात कोणी भिंतीवर काढत नाही. वाढपी सगळे धोतरात, आणि डोक्यावर लाल टोपी, तिचा गोंडा कानावर लोंबणारा. माझा भूपेशही त्यातलाच. मला पाहून त्यानं हात वर केला आणि लगेच खाली घेतला.

ताट आलं. तळहाताएवढी ज्वारीची भाकर, बोळक्यात पिठलं, पळसाच्या पानावर चिमूटभर ठेचा.

"हे कोनत्या गावचं जेवन हाय?" मी विचारलं.

"आपल्याच गावचं म्हनतेत," रीता म्हणाली.

"आपल्या झाडीपट्टीत भात खातेत. हे भाकरीवालं गाव कुठी हाय, मले एकदा दाखव."

"चूप राहा न आत्याबाई, लोकं पाहून राह्यले."

हॉलच्या मधोमध प्लास्टिकचं टोकदार झाड होतं. त्याला सोनेरी गोळे टांगलेले. शेजारून जाताना एक गोळा माझ्या हाताला लागला तर जड. बाकी सगळं हलकं, फुंकरीनं उडणारं, आणि हाच एवढा जड कसा? मधे भोक होतं. मी नखानं सोनं खरवडलं. आतून भाजलेली माती निघाली.

आमच्या गोट्या बाकीच्यांच्या गोट्यांसारख्या गोल नाहीत. एका बाजूनं चपट्या आहेत. ह्यांना वाळेपर्यंत धीर नसायचा, ओल्याच टोपलीत टाकायचे. मी किती बोलायची तेव्हा. आता त्याच चपट्या गोट्या सोनं लावून झाडाला लटकत होत्या.

गोट्या इथं, मग जाळं कुठं?

मी वर पाहिलं. जाळं छताला होतं. या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणलेलं, त्यात चांदण्या अडकवलेल्या, बारीक दिवे लुकलुकणारे. पण एकच जाळं नव्हतं ते. चार खांबांच्या मधे चार तुकडे होते. काठ सरळ कापलेले, आणि कापल्या जागी जाळ्याची घरं उघडी पडून धागे खाली लोंबत होते.

"भूपेश!"

तो हातातली थाळी घेऊन तसाच आला. "हळू बोल न, माय."

"हे कोनं कापलं?"

"छताच्या मापात बसत नव्हतं."

"मी मापाचं नाई इचारलं. कोनं कापलं?"

त्यानं थाळी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "मी धरलं. कापलं त्यायनं."

"तू धरलं."

"नव्या सालात मले पक्कं करून राह्यले, माय. साहेबाले नाई कसं म्हनू? अन् खरं सांगू का, मले नाई ओढाचं ते जाळं. बाबाचे पाय नाई पाह्यले का तू? बोटायच्या मंधात सडले होते पान्यानं. मले तसे पाय नाई पाह्यजेत."

"त्याच पायायनं तुले शाळेत सोडाले जात होते ते."

 माझ्याही मनात आलं की पोरगा पायांचं खोटं बोलत नाही. पण नको होतं तर नको म्हणायचं. जाळं ओढणारे अजून दुसरे होते. कापायला धरायचं कशाला?

"बाबाचं नाव कुठी लावलं?"

त्यानं खाली पाहिलं. खांबावर एक पाटी होती, इंग्रजीतली. मी चौथी शिकलेली, मला ती वाचता येईना. मी रीताला म्हटलं, "वाच." तिनं वाचलं आणि पदर नसताना पदर शोधल्यासारखा हात खांद्याकडे नेला.

"नागपूरच्या कोन्या मॅडमचं नाव हाय. सजावट त्यायची म्हनून."

मग माझं तोंड सुटलं. मी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिले, त्या तुकड्यांच्या खाली.

"ज्या पान्यात तुमचं कधी नख नाई बुडालं, त्या पान्याचं जाळं डोक्यावर बांधून जेवता? मासे का आभायातून पडतेत तुमच्या ताटात? बर्फ कापसाचा, बैल थर्माकोलचे, डबे रिकामे! साऱ्या हॉटेलात एक माहं जाळं खरं होतं, तेही कापून टाकलं तुमी! अन् खाली नाव लावलं भलत्याच बाईचं! तिनं कधी गाठ मारली का एक? तिले आना इथी, मी तिले तलावात उभी करतो मानेइतक्या पान्यात!"

मला वाटलं, आता चमचे थांबतील, कोणी तरी मान खाली घालेल.

चमचे थांबले. आणि फोन वर आले. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होती, "अरे व्हिडिओ काढ, व्हिडिओ काढ! काय बोलतेय बघ, अस्सल आहे एकदम." कोपऱ्यातल्या टेबलावर टाळ्या वाजल्या. मग दुसऱ्या टेबलावर. एका म्हाताऱ्यानं तर "पुन्हा एकदा, आजी" म्हणून बोट वर केलं.

मॅनेजर पळत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. टाळ्या ऐकल्या आणि ते तोंड माझ्यासमोर बदललं. हात जोडून म्हणाला, "आजी, तुमचा वारसाच जपतोय हो आम्ही. बोला, बोला, छान चाललंय." मग जवळ येऊन हळूच, "एकतीस तारखेपर्यंत रोज याल का? जेवायच्या वेळेला. याच लुगड्यात."

मी भूपेशकडे पाहिलं. आता तरी पोरगा माझा हात धरेल आणि म्हणेल, चल माय, घरी.

तो आला. टोपीचा गोंडा बाजूला सारून माझ्या कानाशी वाकला.

"माय, अजून थोडं बोल न. साहेब खूश हाय."

माझं तोंड गावात कोणाला मिटवता आलं नाही. सासूला नाही, सरपंचाला नाही, नवऱ्याला तर नाहीच. ते तिथं मिटलं. मी लुगडं सावरलं आणि चालू लागले. जेवले नाही. लोकांना वाटलं खेळ संपला, त्यांनी आणखी एकदा टाळ्या वाजवल्या.

नवं साल लागल्यावर भूपेशनं चार तुकडे पोत्यात भरून आणले. मी जोडायला बसले. पण जाळं जोडायचं म्हणजे नवं विणण्यापेक्षा जास्त काम असतं, आणि माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. जोडून होईपर्यंत पुढचा पावसाळा लागला असता. संक्रांत दारात होती.

उमाजीभाऊ विचारायला आले. मी पोतं उघडून दाखवलं. त्यांनी एक तुकडा हातात धरला, कापलेला काठ पाहिला, आणि परत ठेवला. बराच वेळ बिडी हातात नुसती फिरवत राहिले.

"वहिनी, लोकायले सांगू का, उंदरानं खाल्लं म्हनून?"

भूपेश आत होता. ऐकत होता. मी मुद्दाम आवाज चढवला.

"उंदराच्या माथी काऊन मारता, भाऊ? ज्यानं धरलं त्याले नाव हाय. बारशाले जेवले होते तुमी."

"मंग जाळ्याचा वाटा यंदा..."

"दुसऱ्याचं जाळं आना. वाटा त्याले द्या. मी दोरावर येतो."

"या वयात?"

"मंग का घरी बसून टाळ्या मोजू?"

सोमवारी पलीकडच्या गावचं भाड्याचं जाळं आलं. नायलॉनचं, निळं. मी बायांच्या मधे दोर धरला. गुडघ्याच्या वर पाणी लागलं तेव्हा कमरेत कळ आली, पण दोर सोडला नाही. कोणी टोमणा मारला नाही. तेच जास्त लागलं. एरवी माझ्यावर जळणाऱ्या बाया त्या दिवशी माझ्याशी गोड बोलत होत्या.

ढीग लागले. रोहू, कतला, मधे काळी मरळ. सगळ्यांत मोठा ढीग जाळेवाल्याच्या माणसांनी टेम्पोत भरला आणि टेम्पो गेला. माझ्यासमोर दोरावाल्यांच्या ओळीतला एक ढीग आला, सगळ्यांसारखाच. मी तिथंच पोतं अंथरून विकायला बसले.

तेवढ्यात पाळीवर रिसॉर्टची जीप थांबली. भूपेश उतरला. अंगात नवा सदरा, छातीवर नावाची पट्टी. पक्का झाला होता. मासळी न्यायला त्याला पाठवलं होतं. ढिगांमधून वाट काढत तो आला, लहानपणापासून यायचा तसाच.

"माय, आपला ढीग कोनता?"

मी समोर बोट केलं.

"अन् जाळ्याचा?"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. नजर टेम्पो गेलेल्या वाटेकडे गेली, तिथंच राहिली.  मी पोत्यावरचे मासे नीट लावले.

"मासे पाह्यजेत का तुले?"

"साहेबानं मरळ सांगितली हाय," तो हळू म्हणाला.

"मंग त्या बायायच्या मांगं उभा राह्य."

"माय..."

"गिऱ्हाईक हायेस न? रांगेत उभा राह्य."

तो उभा राहिला. त्याच्यापुढं पाच-सहा बाया होत्या. मी घाई केली नाही. एकेकीला मासे दाखवले, निवडू दिले, हातात दिले. मरळ आधी गेली. मग कतला गेला, मग रोहू. त्याची पाळी आली तेव्हा पोत्यावर फक्त पाणी होतं. मी ते पोतं त्याच्यासमोरच झटकलं, घडी घातली आणि उठले.