रिजेक्ट पतंग

"ह्याचा एक खांदा पडेल हाय," अण्णांनी पतंग उन्हात धरला. "काडीबी वाकडी. कोणी बनवला?"

संक्रांतीचा दिवस होता, सगळे गच्चीवर जमले होते. मैनाने, म्हणजे उज्वलाच्या आठ वर्षांच्या लेकीने, हात निम्मा वर केला.

अण्णांनी खिशातून लाल रंगाची डबी काढली.

उज्वलाचे वडील, गोटीराम अण्णा, सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासायचे. खराब नगावर लाल ठिपका द्यायचा, ही नोकरी. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने घड्याळ दिलं. डबी त्यांनी स्वतःहून आणली. घरात तर ठिपक्याला सुट्टी कधीच नव्हती. उज्वलाची पहिली भाकरी रिजेक्ट. रांगोळी रिजेक्ट. तिच्या धाकट्या भावाचा, संतोषचा, आवाज फुटला, तोही रिजेक्ट; दुरुस्त होईपर्यंत त्याने बोलू नये असं ठरलं.

संतोष आता बँकेत अधिकारी होता आणि अण्णा समोर असले की पाणी प्यायलाही विचारायचा. उज्वला गाडी चालवायला शिकवायची. तिला सॉरी म्हणायची खोड होती. सकाळीच तिचा पाय गॅसच्या सिलिंडरवर आपटला. लागलं तिलाच, सॉरीही तीच म्हणाली. सिलिंडरने मोठ्या मनाने विषय वाढवला नाही.

बोटाने दिलेला ठिपका पतंगाच्या मधोमध बसला.

"रिजेक्ट," अण्णा म्हणाले. रागाने नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सॉरी, आजोबा."

उज्वलाने झटकन मान वळवली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिचाच होता. आज आपण गप्प बसलो, तर ही पोर उद्या सिलिंडरची माफी मागणार.

रोज नवशिक्यांना घेऊन द्वारका चौकाच्या गर्दीतून गाडी काढणं तिला सोपं होतं. हे अवघड होतं.

"सॉ..." तिने उरलेला शब्द गिळला. "अण्णा, तो पतंग इकडे द्या."

"उडायचा नाय तो."

"नाही उडाला तरी चालेल. ही तुमची कंपनी नाही. इथला माल परत जात नाही."

नेमका शेजारच्या गच्चीवरचा लाऊडस्पीकर बंद पडला. योगायोगच, पण संतोषने तो मनावर घेतला.

"मी आणखी एक गुळपोळी खाणार!" तो ओरडला आणि कोणालाही न विचारता त्याने ती उचलली. मग वर पाहिलं. आभाळ जागेवर होतं. "तूपपण घेणार!"

मैना अण्णांच्या हातातला पतंग घेऊन गच्चीच्या टोकाला पळाली. उज्वलाने दोरा ओढला. पतंगाने गिरकी घेतली आणि तो टाकीवर आपटला.

"पास!" उज्वला म्हणाली. शब्द तोंडाला नवा होता, पण चव चांगली होती.

पुढच्या खेपेला तो अण्णांच्या टोपीवर बसला.

"हापण पास!"

मैना खो खो हसत सुटली. तेवढ्यात वारा आला. पतंग एक खांदा पाडून, वरातीत नाचणाऱ्या मामासारखा झुलत, वर चढला.

"आई, गेला! दोरा सोड, सोड!"

दोऱ्याची आसारी जमिनीवर गडगडत होती. संतोषचे हात तुपात.

"आजोबा, धरा ना ती!"

अण्णांनी आसारी उचलली. सवयीने फिरवून पाहिली. हात खिशातल्या डबीकडे गेला, आणि परत आला.

"ढील द्या, आजोबा."

त्यांनी दिली. बोटांवरचा ओला लाल रंग दोऱ्याला लागत होता, आणि दोरा वर जात होता.