नाताळची नखं

सासूने चिमट्यात निखारा उचलला तशी अर्गिरोने बाळाचे दोन्ही पाय मुठीत घट्ट धरले.

"मूठ सोड, पोरी," झांबेता म्हणाली. "नखं तेवढी करपवायची. चटका बसेल, रडेल, संपलं."

"नाही सोडणार."

पहाटेच बाळंत झालेली ती, अंगात उठायचं बळ नव्हतं. नवरा जहाजावर, माहेर समुद्रापलीकडे. दाराबाहेर शेजारची कालोमिरा गावातल्या बायकांना घेऊन जळका वास यायची वाट बघत उभी. नाताळच्या दिवशी जन्मणं म्हणजे थेट देवाशी बरोबरी. अशा पोराची नखं जाळली नाहीत, तर मोठेपणी ते दर नाताळात केसाळ भूत होऊन हिंडतं, माणसांच्या नरडीचा घोट घेतं. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. अर्गिरो पुरती घाबरली होती. बायकांना, निखाऱ्याला आणि, खोटं कशाला बोला, थोडीशी त्या इवल्या नखांनाही.

"झालं का गं?" बाहेरून कालोमिराने विचारलं. "की आम्ही येऊन धरू त्याला?"

"दम धर की. चुलीवर दूध ठेवून आलीस का?" झांबेताने आतूनच फटकारलं. पण चिमटा काही तिने पुढे केला नाही.

ते पाहून अर्गिरोला तोंड फुटलं.

"आई, तोही आजच जन्मला ना? देव असून बाईच्या पोटी आला, हाडामांसाचा, नखांसकट. त्याची नखं कुणी जाळली?"

"त्याच्या दाराशी कालोमिरा नव्हती," झांबेता पुटपुटली.

तिने निखारा चुलीत परत टाकला आणि खाली बसली. लग्नाला तीन वर्षं झाली, पण ऐन उन्हाळ्यातही सासूच्या पायातले काळे लोकरी मोजे उतरलेले अर्गिरोने पाहिले नव्हते. आज झांबेताने ते ओढून काढले. एकाही बोटाला नख नव्हतं. होती ती आक्रसलेली, गुळगुळीत कातडी.

"तुम्हीपण आजच्याच?"

"आजचीच. आजीचा हात जड होता. आणि एवढं करूनही कुणाची शेळी मेली तरी गाव माझ्याकडेच बघायचं. म्हणून तर इतक्या लांब दिलं मला. इथं कुणाला माहीत नाही."

तिने बाळाकडे पाहिलं. मग कात्री घेऊन तिने आपल्या पांढऱ्या वेणीचं टोक कापलं आणि निखाऱ्यावर टाकलं. घरभर करपट वास सुटला. बोटाने चुलीतली काजळी घेऊन तिने बाळाच्या पायांना फासली.

"माफ कर रे राजा," म्हणत तिने त्याच्या मांडीला चिमटा घेतला. बाळाने टाहो फोडला.

तेवढ्यात दार उघडलंच. झांबेताने घागरा खाली ओढून पाय झाकले. कालोमिराने डोकावून काळे पाय पाहिले, क्रूसाची खूण केली.

"सुटलात गं बायांनो," ती म्हणाली आणि दार लोटून निघून गेली.

पावलं लांब गेली. मग अर्गिरोने कोमट पाण्यात फडकं बुडवलं, बाळाच्या पायांची काजळी पुसली, नख न् नख स्वच्छ केलं. झांबेता मोजे शोधत होती. अर्गिरोने फडकं पुन्हा बुडवून पिळलं.

"मोजे राहू द्या, आई," ती म्हणाली. "पाय इकडे करा."