पुढे धाकटी, मागे सगळे

धाकटी चौथ्या खेपेला ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाली. पहिल्या तीन खेपांना ती एकाच जागी आपटली होती. गाडी पूर्ण वळवून आल्या वाटेने परत न्यायची, तिथे. चौथ्या खेपेला नेमका त्याच जागी रस्ता खणून ठेवला होता. परीक्षकाने खड्ड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "वळवलीत असं समजू." तेव्हापासून रस्ते खणणाऱ्यांबद्दल तिच्या मनात नितांत आदर होता.

बहिणींचं फुलांचं दुकान होतं. म्हणजे दुकान मोठीचं होतं. धाकटी त्यात होती, जशा बादल्या होत्या. गाडी भावोजी चालवायचे, त्यांच्या शेजारी मोठी बसायची आणि धाकटी मागे. मागे सीट नव्हती, कारण ही गाडी पूर्वी अंत्ययात्रेच्या कामाला होती. लांबलचक, काळीभोर, दोन्ही बाजूंना भल्यामोठ्या काचा. मोठीने ती हौसेने घेतली, कारण तीत सहा फुटी हारसुद्धा न दुमडता आडवा राहतो. आधीचे प्रवासीही तसेच राहायचे.

तेव्हा मागे बसायचं म्हणजे आडवंच व्हावं लागे. पोटावर एक आणि दोन्ही काखांत एकेक बादली घेऊन, छाताडावर पाण्याचे हबके झेलत धाकटी सगळं शहर फिरली होती. त्यामुळे तिला शहराची ओळख होती ती फक्त वरून. दुकानांच्या पाट्या, चौक, पुतळे यांतलं तिला काही ठाऊक नव्हतं. झाडांचे शेंडे, पाण्याच्या टाक्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कन्या मात्र तोंडपाठ होत्या.

त्या दिवशी मोठी आणि भावोजी मंडपवाल्याच्या टेम्पोतून पहाटेच लग्नाच्या हॉलवर गेले होते, स्टेज सजवायला. नवरीला सगळी फुलं पांढरी हवी होती. त्यातला अर्धा माल बाजारातून उशिरा आला आणि दुकानात धाकटीच्या पुढ्यात येऊन पडला. तिने फोन लावला.

"टॅक्सी कर," मोठी म्हणाली.

"टॅक्सीत दुमडतील. मी आणते ना गाडी."

मोठीने ते तसंच भावोजींना सांगितलं. मग मागून भावोजींचा आवाज आला, "कोण आणतंय? ही? हॉलचा विमा आहे का विचार."

"तुम्ही गप्प बसा हो," मोठी म्हणाली. मग फोनमध्ये: "हे बघ. मुहूर्ताआधी फुलं इथे पाहिजेत. एक पाकळी दुखावता कामा नये, गाडीला एक ओरखडा येता कामा नये. जमलं तर किल्ली तुझी, यापुढे तूच चालवायचीस. नाही जमलं तर किल्ली यांच्या खिशात आणि तू बादल्यांत. पुन्हा विषय काढायचा नाही."

धाकटीने खिळ्यावरची किल्ली काढली आणि सगळा माल न दुमडता मागे आडवा ठेवला.

शेजारच्या रिकाम्या सीटकडे तिने दोनदा पाहिलं. एरवी तिथे ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर असायचे आणि त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असायचा. मास्तरांची शिकवण एकच: "वीसच्या वर काटा गेला की ती गाडी नव्हे, ती बातमी." धाकटीने गाडी चालू केली, वायपर लावायला गेली तर हेडलाइट लागले. ते विझवायला गेली तर आणखी दोन लागले. शेवटी सगळे दिवे तसेच ठेवून, काटा अठरावर आणून, ती रस्त्याला लागली.

आणि काय सांगावं! इतकं सोपं असेल असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. हॉर्न नाही, शिवी नाही, कोणी आडवं येत नाही. एक भरधाव बस तिला बघून गचकन थांबली. फुटपाथवरच्या एका गृहस्थाने टोपी काढली. धाकटीने मान झुकवून आभार मानले. भाजी घेऊन चाललेल्या बाईने पिशव्या खाली ठेवल्या आणि डोळे मिटले. नव्या ड्रायव्हरचं लोक इतकं कौतुक करतात हे धाकटीला नवीन होतं. चौकात दिवा लाल होता, तरी पोलिसाने चारी बाजूंची वाहनं थोपवून धरली आणि तिला खाडकन सलाम ठोकला. 'मास्तरांनी उगाच घाबरवलं,' ती मनाशी म्हणाली.

भावोजी चालवायचे तेव्हा असलं कधी झालं नव्हतं. पण भावोजी गाडी अशी सुसाट हाणायचे की कोणाला दुःख करायला सवडच मिळायची नाही.

मधल्या आरशात नुसती फुलं दिसत होती. बाजूच्या आरशात मात्र गाड्यांची रांग दिसत होती, लांबच लांब, आणि एकही पुढे जायला बघत नव्हती. तेवढ्यात एक स्कूटरवाला हळूच खिडकीशी आला.

"फार अचानक झालं का हो?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"हो ना. माल वेळेवर आला नाही."

स्कूटरवाला जरा गडबडला. "कुठे चाललाय?"

"लग्नाला."

त्याने मागच्या पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं, तिच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो पहिल्याच गल्लीत वळून दिसेनासा झाला.

पुढे फाटा आला. दोन्ही रस्ते सारखेच दिसत होते. मग तिने नेहमीप्रमाणे वर बघितलं. डावीकडे तिसऱ्या मजल्यावर नेहमीचा पोपटाचा पिंजरा होता. म्हणजे डावीकडेच! खाली काय आहे ते तिने पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा पिंजऱ्याखालच्या दारात बरीच मंडळी गंभीर चेहऱ्याने उभी होती आणि एक म्हातारी काठी उंच धरून थेट गाडीसमोर आली होती.

धाकटीने ब्रेक दाबला. म्हातारीने दार उघडलं, ती शेजारच्या सीटवर बसली, काठी पायांत उभी केली आणि पट्टा लावला.

"मी पुढेच बसणार," ती म्हणाली. "पोराच्या गाडीत मला मळमळतं. चल."

"आजी, तुम्हाला कुठे जायचंय?"

"कुठे म्हणजे? हे जातील तिथे." आजींनी अंगठा मागे केला.

धाकटीने आरशात पाहिलं. आरशात फुलं होती. बाजूच्या आरशात दारातली सगळी मंडळी भराभर गाड्यांत बसत होती.

आता मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टोपीवाला, भाजीवाली, पोलीस, सगळे एकदम डोळ्यांपुढून गेले. थांबावं तर मागे अख्खी रांग. बोलावं तर आजींना सांगायचं काय. पाय मात्र मास्तरांच्या वळणाचा होता, त्याने गाडी अठरावर चालू ठेवली.

आजी मान मागे वळवून फुलांशी बोलू लागल्या.

"अहो, ऐकताय ना? बसले बघा पुढे. पण आज तुम्ही मागे. जन्मभर तुमच्या शेजारी बसले, स्टिअरिंगला एकदा हात लावू दिला नाहीत. हॉर्नला हात लावला तर म्हणायचात, तो वाजवायला अक्कल लागते. स्वतः तीन वेळा दूधवाल्याला धडकलात! बोलले मी कधी? आज बोलते. आणि ती तुमची बहीण. मला ती कधीच आवडली नाही. खिडकीचे पडदेही तुम्ही आणलेत तेव्हापासून आवडत नाहीत."

"आजी—"

"थांब ग, पडद्यांचं पुरं होऊ दे."

"आजी, मागे कोणी नाही!" धाकटी एका दमात बोलून गेली. "ही फुलांची गाडी आहे. मी लग्नाला चाललेय. आज पहिल्यांदाच एकटी चालवतेय. मला माफ करा."

आजींनी मागे निरखून पाहिलं. काठीच्या टोकाने निशिगंधाचा एक जुडगा बाजूला सारला. खाली आणखी निशिगंध होता.

"म्हणजे एवढं सगळं मी कोणाला ऐकवलं?"

"फुलांना."

"हं," आजी म्हणाल्या. "यांनीही एवढंच ऐकलं असतं."

आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग काठी हलली, मग डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं होतं हे धाकटीला कळेना, म्हणून तिने रस्त्याकडे बघितलं. तेवढ्यात आजींच्या पर्समधला फोन वाजला. मागच्या गाडीतून त्यांचा मुलगा बोलत होता, आणि तो इतका ओरडत होता की धाकटीलाही स्पष्ट ऐकू आलं: "आई! खरी गाडी हॉस्पिटलातून आत्ता घरी पोचलीय! बाबा दाराशी उभे... म्हणजे आडवे आहेत आणि घराला कुलूप आहे! ताबडतोब वळा!"

वळा. गल्लीत कोणी रस्तासुद्धा खणून ठेवला नव्हता.

"लग्नाचा हॉल किती लांब?" आजींनी फोनवर हात ठेवून विचारलं.

"ती हिरवी टाकी दिसतेय ना, तिच्याखाली. पण आजी, तुमचे..."

"वेळेवर नाही पोचलीस तर?"

"किल्ली जाईल. पुन्हा मागे बादल्या धरायच्या. कायमच्या."

आजींनी फोनवरचा हात काढला. "वळायचं नाही. आधी लग्न. बाबांना सांग थोडं थांबा म्हणून. मी जन्मभर यांची वाट बघितलीय, आता यांनी बघावी." आणि धाकटीला म्हणाल्या, "हाण."

धाकटीने हाणली. काटा एकोणीसवर गेला.

हॉलच्या दारात नवरीचे वडील घड्याळ बघत होते, मोठी नखं खात होती आणि भावोजी "मी सांगितलं होतं" हे वाक्य तोंडात तयार ठेवून उभे होते. काळी गाडी सावकाश आत आली. तिच्यामागे दुसरी आली. तिच्यामागे तिसरी. मग त्या येतच राहिल्या. भावोजींचं वाक्य तोंडातच राहिलं.

आजी उतरल्या आणि काठी आपटून म्हणाल्या, "बघता काय? फुलं उतरवा. आपल्याला उशीर होतोय."

शोकाकुल मंडळींनी दारापासून स्टेजपर्यंत रांग धरली आणि खाली मान घालून, एक शब्द न बोलता, हातोहात फुलं आत पोचवली. एक पाकळी गळाली नाही. मुलाकडच्यांना वाटलं ही मुलीकडची माणसं, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडची. "फारच सालस आहेत हो," नवरीची आत्या हळूच म्हणाली. "पण सारखे रडवेले का?"

"लग्न आहे ना," आजींचा मुलगा डोळे पुसत म्हणाला, कारण दुसरं काय बोलावं त्याला सुचेना. आत्यालाही भरून आलं.

मोठीने गाडीला एक फेरी मारली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून चाकं पाहिली. ओरखडा नव्हता. तेवढ्यात भावोजींनी हात पुढे केला.

"आण ती किल्ली. आता ही गाडी वळवायची आहे. वळवणं हिच्या बापाला जमायचं नाही."

"तो माझाही बाप आहे," मोठी म्हणाली.

धाकटीने किल्ली मुठीत घट्ट धरली. मुंडी खाली गेली होती, कारण वळवण्याबद्दल भावोजी खोटं बोलत नव्हते.

"वळव ग," आजी शेजारच्या सीटवर बसत म्हणाल्या. "मला कुठली घाई नाही आणि यांना तर अजिबात नाही."

लग्न आणि अंत्ययात्रा अशा दोन्हीकडच्या मंडळींसमोर धाकटी गाडीत बसली. पुढे गेली, मागे आली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. बँडवाल्यांनी दर खेपेला ढोल वाजवायला हात उचलले आणि दर खेपेला खाली घेतले. गाडी कुंडीपासून चार बोटं राहिली, मग कमानीपासून दोन. नवरीचे वडील पुटपुटत होते. आजी पर्समधून खडीसाखर काढून खात होत्या. आणि अखेर गाडीचं नाक दाराबाहेर, रस्त्याच्या दिशेने, बरोब्बर सरळ उभं राहिलं. ढोल वाजला. मागून कोणीतरी चुकून टाळ्याही वाजवल्या.

भावोजींचा हात अजून पुढेच होता. मोठीने त्याच्याकडे पाहिलं आणि त्यात रिकामी बादली अडकवली.

"बसा मागे," ती म्हणाली. "बादल्या दुकानात न्यायच्यात. तीन आहेत, नीट धरा. ही आधी आजींना घरी सोडेल, मग तुम्हाला."

"मागे? अगं, मागे सीट कुठाय?"

"ती इतके दिवस कशी जायची?"

भावोजी आडवे झाले. पोटावर एक बादली, काखांत दोन. धाकटीने सगळे दिवे लावले होते ते तसेच होते. काटा अठरावर आला आणि ती लांबलचक रांग पुन्हा तिच्यामागे लागली.

"एक विचारू?" आजी म्हणाल्या. "हॉर्न वाजवू?"

"वाजवा ना."

आजींनी हात लांब करून हॉर्न दाबला, चांगला दणदणीत, आणि बराच वेळ दाबून धरला. चौकातला पोलीस दचकला, सावरला आणि त्याने सलाम ठोकला. फुटपाथवरच्या माणसांनी माना खाली घातल्या. मागे काचेतून भावोजींना हे सारं दिसत होतं. आपल्याला एवढा मान मिळतोय म्हटल्यावर त्यांनीही शिष्टाचार म्हणून एक हात मोकळा केला आणि लोकांना हलवून दाखवला.

बाहेर एकच किंकाळी उठली.

"भावोजी," धाकटी आरशात बघून म्हणाली, "हात खाली घ्या. लोक रस्ता द्यायचे बंद होतील."