गरजेनुसार

विधी खात्यात सगळे त्यांना ‘स्वल्पविरामबाई’ म्हणत. पाठीमागे, अर्थातच, तोंडावर नुसतं बाई. एकतीस वर्षं त्या कायद्यांचे मसुदे लिहीत होत्या. एका स्वल्पविरामापायी त्यांनी एका मंत्र्याला तासभर ताटकळत ठेवलं होतं, असं नव्या लोकांना सांगितलं जाई. बाई म्हणत, “तासभर काही नाही. वीस मिनिटं.”

त्या वर्षीच्या निवडणुकीने सगळ्यांच्याच तोंडाला पानं पुसली. एकशे एक जागांच्या सभागृहात सगळ्यांत मोठ्या पक्षाला मिळाल्या सत्तेचाळीस. बहुमताला हव्या होत्या एक्कावन्न. आणि डोंगरभागातल्या एका छोट्या पक्षाचे, ज्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, नेमके चार जण निवडून आले होते. आता त्यांच्या दारात गाड्यांची रांग लागली. पण त्यांनी मंत्रिपदं घ्यायला साफ नकार दिला. “सरकार तुमचं, पाठिंबा आमचा, तोही बाहेरून. फक्त काय करणार ते लिहून द्या,” एवढंच त्यांचं म्हणणं. लिहायला कुणी तरी तटस्थ माणूस हवं, म्हणून बाईंना बोलावणं आलं.

पहिल्याच दिवशी बाईंनी एक चिठ्ठी दोन्ही बाजूंसमोर ठेवली: माझी धाकटी बहीण डोंगरभागात राहते, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. दोघांनीही हसून ती फाइलला लावली. फाइल बंद झाली आणि काम सुरू झालं.

सभागृहाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिची एक खिडकी कधीच नीट लागत नसे, त्यामुळे कागदांवर पेपरवेट ठेवूनच बोलावं लागे. मोठ्या पक्षातर्फे एक वकीलसाहेब येत. गोड बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. छोट्या पक्षाचे पुढारी म्हणजे गुरांचे निवृत्त डॉक्टर. ते खिशातून शेंगदाणे काढून सोलत बसत आणि टरफलं नीट एका पाकिटात जमवत. चार दिवसांत सतरा कलमं झाली. राहिलं अठरावं. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

डोंगरभागात सहा सरकारी दवाखाने होते. संध्याकाळी सहानंतर त्यांतली प्रसूतिगृहं बंद होत. डॉक्टरांनी निवडणूक लढवली ती याच एका मुद्द्यावर. बाईंनी वाक्य लिहिलं होतं: ‘सहाही दवाखान्यांतील प्रसूतिगृहे चोवीस तास सुरू ठेवण्यात येतील आणि तेथे गरजेनुसार डॉक्टर नेमण्यात येतील.’

पाचव्या दिवशी दुपारी वकीलसाहेब म्हणाले, “वाक्य जरा अडखळतंय, नाही? ‘गरजेनुसार’ आधी घेऊ या. ‘गरजेनुसार सहाही दवाखान्यांतील प्रसूतिगृहे चोवीस तास सुरू ठेवण्यात येतील आणि तेथे डॉक्टर नेमण्यात येतील.’ कसं वाटतं?”

डॉक्टर पाच दिवसांत पार थकले होते. “शब्द तेच आहेत ना सगळे?”

“अगदी तेच. एकही कमी नाही.”

“मग माझी काय हरकत असणार! बाई, करून टाका.”

बाईंनी शब्द पुढे घेतला. हाताने लिहितानाच त्यांना मेख कळली. मागे होता तेव्हा तो शब्द फक्त डॉक्टर किती नेमायचे एवढंच ठरवत होता. पुढे आला आणि प्रसूतिगृह उघडं ठेवायचं की नाही, हेच त्याच्या हातात गेलं. जेवणाची सुट्टी झाली.

बाई पायऱ्यांवर डबा घेऊन बसल्या. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

“ताई, काय चाललंय गं तिकडे? पेपरात रोज तुमच्या बंद दाराचा फोटो येतोय.”

“दार बंद आहे, एवढंच सांगू शकते.”

“मिठाची गुळणी धरून बसलीस! बरं, राहू दे. पोरीला चौथा लागलाय. आपल्या दवाखान्याचं काही होईल का, एवढंच सांग.”

“ते मला विचारू नकोस.”

बहिणीने उसासा टाकून फोन ठेवला. बाईंना वाटलं, मी बोलले तर बहिणीसाठी बोलले असं होईल. गप्प बसले, तर बहीण आहे म्हणून गप्प बसले, असंही होईलच. मग बहीण बाजूला ठेवली तर माझं काम काय उरतं? दोघांनी एकाच वाक्याचे दोन अर्थ घेतले असतील, तर ते वाक्य अजून लिहून झालेलंच नाही. एखाद्या कारखान्याचा कायदा असता, तर मी हे विचारलं असतं का? असतंच. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

सुट्टीनंतर सगळे बसल्यावर बाईंनी कागद पुढे ओढला. “साहेब, सोबतच्या टिपणीत प्रत्येक संज्ञेचा अर्थ द्यावा लागतो. इथे ‘गरज’ कोण ठरवणार?”

वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. “ठरवेल की आरोग्य खातं. त्या-त्या वेळी.”

“आणि खात्याला गरज वाटली नाही तर?”

“तर... अर्थातच तेवढ्यापुरतं...”

डॉक्टरांच्या बोटांतलं टरफल फुटता फुटता राहिलं. “थांबा. म्हणजे बाईला कळा सुरू झाल्या, की आधी आरोग्य खात्याला फोन लावायचा? आणि ते म्हणाले, आम्हाला काही गरज दिसत नाही, तर तिने काय करायचं? कळा मागे घ्यायच्या?”

कोपऱ्यातला टंकलेखक फिसकन हसला आणि लगेच खोकला.

वकीलसाहेब हसले नाहीत. “बाई, तुम्ही मसुदा लिहायला आलात. आणि तुमची बहीण कुठे राहते ते आम्ही विसरलेलो नाही.”

बाईंचे कान तापले. “विसरू नका म्हणूनच लिहून दिलं होतं, साहेब. मी मत दिलेलं नाही, अर्थ विचारला. तो तुम्हीच सांगितलात.”

बोलणी तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी स्वतः होऊ घातलेल्या पंतप्रधान त्या खोलीत आल्या. त्यांनी दोन्ही वाक्यं वाचली, मग वकीलसाहेबांकडे बघितलं, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “तुमच्याशी खोटं कशाला बोलू? सहा ठिकाणी चोवीस तास बसवायला माझ्याकडे माणसंच नाहीत. चार ठिकाणी देते. नावानिशी लिहा, ‘गरजेनुसार’ काढून टाका. उरलेल्या दोन गावांना रात्रंदिवस रुग्णवाहिका. पटत असेल तर बोला, नाही तर आपण पुन्हा निवडणुकीला जाऊ.”

डॉक्टरांनी सकाळभर नकाशा आणि बाळंतपणांचे आकडे पुढ्यात घेऊन चार गावं निवडली. सहावं गाव सोडलं, कारण तिथे वर्षाला जेमतेम वीस बाळंतपणं होत. पाचवं गाव थोडक्यात हुकलं. ते बाईंच्या बहिणीचं.

बाईंनी चार नावं लिहिली. एकेका अक्षराची वेलांटी तपासली. डॉक्टर हळूच म्हणाले, “बाई, तुमच्या बहिणीचं नेमकं तेच गाव, हे वकीलसाहेबांकडून आत्ता कळलं. निवडताना मला माहीत नव्हतं हो.”

“माहीत नव्हतं ते बरंच झालं,” बाई म्हणाल्या आणि कागद सहीसाठी सरकवला.

विश्वासदर्शक ठराव एक्कावन्न विरुद्ध पन्नास असा मंजूर झाला. करार पेपरात छापून आला, त्याच सकाळी बहिणीचा फोन.

“चार गावं लिहिलीस. आधी सहा होती म्हणे?”

“होती.”

“मग सहाच राहू द्यायची होतीस! निदान आशा तरी राहिली असती गं.”

बाईंनी सांगितलं, की ‘गरजेनुसार’ पुढे आल्यावर त्या सहांत एकही पक्कं उरलं नव्हतं. पण रागावलेल्या माणसाला वाक्यरचना समजावून काय उपयोग? त्यानंतर बहीण फारशी बोलेना. वाढदिवसालासुद्धा दोन ओळींचा निरोप आला.

सरकार आज पडतं, उद्या पडतं असं म्हणत पाच महिने निघाले. प्रत्येक मतदानाला त्या चौघांची डोकी मोजली जात, कुणाला साधी सर्दी झाली तरी वकीलसाहेब चौकशीला जात. सरकार काही पडलं नाही. आणि चारही गावांत पाट्या लागल्या, डॉक्टर रुजू झाले.

एका रविवारी सकाळी फोन वाजला.

“ताई, मुलगी झाली.”

“अगं! पोर कशी आहे?”

“दोघी ठीक. शेजारच्या गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण होती जागेवर, हात धुऊन तयार. चांगली आहे बाई.” बहीण थांबली. मग आवाज बदलला. “पण त्याआधी चाळीस मिनिटं त्या रुग्णवाहिकेत काय झालं, ते तू मला विचारलंच नाहीस.”

“सांग.”

“सगळं सांगणार आहे. वळणावर गाडी थांबवली तिथपासून. मध्ये बोलायचं नाही.”

“नाही बोलत,” बाई म्हणाल्या. खुर्ची ओढून घेऊन त्या ऐकत बसल्या.