डब्यातला ठोका

गणपती घडवणाऱ्या जोहे गावात विजेच्या त्या हिरव्या लोखंडी खोक्याला सगळे डबाच म्हणतात. वीज कंपनीने ट्रान्सफॉर्मर, स्विच सगळं कारखान्यातच बसवून आणायचं, चौथऱ्यावर ठेवायचं आणि निघून जायचं. पावसाळ्यात गणपती वाळत नाहीत आणि डब्याच्या मागच्या जाळीतून गरम वारा येतो. मग काय, अख्खी गल्ली ओल्या मूर्ती तिथेच टेकवणार. गेल्या साली त्याच जाळीतून आगीचा लोळ आला आणि संध्याचा नवरा विलास मूर्तींसकट भाजून मेला.

"आत फुटलं की जाळ मागूनच निघणार. ही बाजू शेताकडं पायजे होती," पंचनाम्याला आलेला वायरमन बोलून गेला. तरी नवा डबा आला तो त्याच चौथऱ्यावर, तसाच, जाळी गल्लीकडे.

लोकांनी काय केलं? डब्याला शेंदूर फासला. सासू जनी रोज जाळीला हार अडकवू लागली. "माझा विलास आत हाय गो."

संध्या चिडायची. पण ऐकू तिलाही यायचं. विलास बोटाच्या पेराने मूर्ती ठोकून बघायचा; ओली असली की भद्द वाजे, वाळली की टण्ण. डब्यातून भद्द, भद्द यायचं. लोखंड तापतंय, निवतंय, दुसरं काय, असं ती स्वतःला सांगायची. मग मानेवर काटा का यायचा?

एके दिवशी भर दुपारी तिची लेक किमया आजीचा हार घेऊन जाळीपाशी गेली. आतून आवाज आला. टण्ण.

संध्याच्या हातातला ब्रश गळाला. असं वाजलं की विलास म्हणायचा, "झाली, उचल!" ती धावली, पोरीला कमरेला धरून गटारात पडली. डोक्यावरून जाळ गेला. टेकवलेल्या मूर्ती काळ्या ठिक्कर.

संध्याकाळी गल्ली नारळ घेऊन हजर. "बापानं वाचवली!"

"चाटा तो शेंदूर!" संध्या ओरडली. "पोर वाचवायला बाप मरावा लागतो व्हय? त्याचा देव केलात, म्हंजे जाब कुणाला विचारायला नको!"

तिसरा डबा क्रेनवर लटकत आला. चौथऱ्यावर संध्या मांडी घालून बसलेली.

"ताई, बाजूला व्हा," इंजिनिअर हर्षद म्हणाला.

"जाळी शेताकडं फिरवा. मग उठते."

"त्याला चौथरा फोडावा लागेल. केबल पुन्हा ओढावी लागेल."

"मग फोडा. माझा संसार फोडलात तेव्हा तुमाला जड गेलं नाय."

जनी पुढे आली. "उठ गो, देवाच्या जागेवर बसतात का?"

"तुमीच कान लावून बघा, आई."

कुरकुरत म्हातारीने वाकून सिमेंटला कान लावला. खालून आलं. भद्द.

जनीचा चेहरा उतरला. पदर खोचून ती सुनेला खेटून बसली.

"ओली हाय अजून, उचलायची नाय," ती हर्षदला म्हणाली. "न्या तो डबा मागं."