झाडामागचे मेंबर

सिद्धेश राऊळचा धंदा म्हणजे वस्तू असते त्याहून बरी दाखवायची. फरसाणच्या पाकिटावरची शेव तो चिमट्याने एकेक काडी रचून मग तिचा फोटो काढायचा. मधाच्या जाहिरातीत चमच्यावरून ओघळायचं ते मोटारीचं ऑइल, आणि दिव्यांखाली वितळू नये म्हणून आइस्क्रीम असायचं कुस्करलेल्या बटाट्याचं. फोटोने भागेना तिथे तो चित्र काढायचा. टूथपेस्टच्या खोक्यावरचा हसरा दात त्याचाच होता. जोगेश्वरी पूर्वेच्या शुभंकर सोसायटीत मात्र त्याला मान होता तो वेगळ्या कारणाने. मेंबरांच्या मुलामुलींचे लग्नासाठी पाठवायचे फोटो तोच काढायचा, आणि पुढे मंडपात एखाद्याची हनुवटी फोटोतल्यापेक्षा निराळी निघाली तरी तोवर वेळ गेलेली असायची.

सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा नव्या टॉवरचं चित्र काढायचं काम सिद्धेशला मिळालं. बिल्डर चंद्रप्रकाश हा गोड बोलणारा माणूस. घरचा आर्टिस्ट असताना बाहेरचा कशाला, असं तो भर मीटिंगमध्ये म्हणाला आणि सेक्रेटरी नाना मेस्त्रींनी टाळ्या वाजवल्या. इमारतीचा आराखडा कॉम्प्युटरवर तयार होता. सिद्धेशने त्यात फक्त जीव भरायचा होता, म्हणजे आकाश, झाडं आणि माणसं. मागच्या नाल्याचा तलाव करायला सांगितलं होतं, तो त्याने केला. माणसं बिल्डरच्या मार्केटिंगवाल्या रश्मीने तयारच पाठवली. कानात वायर घालून पळणारा एक गोरा तरुण, कुत्रा घेतलेली सोनेरी केसांची बाई, आणि दोन मुलं, ज्यांच्या हातातले फुगे कधीच फुटणारे नव्हते.

चित्र मेंबरांना दाखवलं त्या रविवारी सगळे खुर्च्या पुढे ओढून बघू लागले. मग गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून इथे खोली घेतलेले धाकूकाका घाडी उठले, चष्मा कपाळावर चढवून चित्राजवळ गेले आणि त्यांनी विचारलं, "ही माणसां कोण? आनी आमी खंय?"

प्रश्न साधा होता, पण सगळ्यांच्या वर्मी लागला. आपल्या जागेत परक्याचा कुत्रा फिरतोय हे एकदा दिसल्यावर डोळ्यांसमोरून जाईना. सुगंधाकाकूंनी विचारलं की या बाईने मेन्टेनन्स भरलाय का. वातावरण तापायच्या आत नानांनी ठराव मांडला की चित्रात मेंबरच असावेत आणि सिद्धेशने सर्वांचे फोटो काढून ते चित्रात बसवावेत. चंद्रप्रकाशने हसून मान डोलावली. करारावर सह्या अजून व्हायच्या होत्या.

पुढच्या रविवारी सिद्धेशने गच्चीवर पांढरा पडदा लावला. मेंबर लग्नाला निघाल्यासारखे नटून आले. नाना उन्हात सूट घालून आले आणि आपण तलावाकाठी पेपर वाचत असावं, इंग्रजी असला तर बरं, असं म्हणाले. सुगंधाकाकू पापडांनी भरलेलं सूप घेऊन आल्या. टॉवरमध्ये पापड कुठे वाळत घालायचे याचा निकाल चित्रातच लागून जाऊ दे, असा त्यांचा हिशेब होता. धाकूकाका मात्र नेहमीच्या बनियन-लुंगीवर आले. स्विमिंग पूलजवळ कोणी उभं राहायचं यावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यात जुंपली. शेवटी पूल चित्रात थोडा लांब करायचा ठरला.

सगळ्यांत शेवटी कमलमावशी आल्या. कमल सोनवणे महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होत्या. जन्म नाइट ड्यूटीत गेलेला, निवृत्तीनंतरही कोणाचं बीपी वाढलं की सोसायटी त्यांचंच दार वाजवायची. सिद्धेशने विचारलं, मावशी, तुम्हाला कुठे बसवू. त्या जरा लाजल्या.

"मला बाकावर पाय वर घेऊन बसव रे," त्या म्हणाल्या. "काहीच करत नाही, अशी."

स्टुलावर पाय ठेवून त्या मागे रेलल्या आणि कॅमेरा आहे हेच विसरल्या. सिद्धेशने क्लिक केलं, तरी त्या तशाच बसून राहिल्या. त्यानेही घाई केली नाही.

ते चित्र करताना त्याला कामाचा कंटाळा आला नाही. कोणाची ढेरी आत घेतली नाही, कोणाचा रंग उजळला नाही. काल्पनिक तलावाकाठी खरी माणसं बसली, त्यामुळे तलावही थोडा खरा वाटू लागला. बायको श्वेता मागे येऊन बघत उभी राहिली आणि म्हणाली, पहिल्यांदाच तू केलेलं मला विकत घ्यावंसं वाटत नाहीये, नुसतं बघावंसं वाटतंय. सोसायटीच्या ग्रुपवर चित्र टाकलं तेव्हा प्रत्येकाने आपापला तुकडा मोठा करून गावी पाठवला. त्याच आठवड्यात करारावर सह्या झाल्या.

मग रश्मीचा फोन आला. तिने आधी चित्राची खूप स्तुती केली. किती ऑथेंटिक आहे, किती उबदार आहे, तिला तर रडू यायचं बाकी होतं. फक्त एक छोटीशी गोष्ट होती. विक्रीचे फ्लॅट बघायला येणाऱ्या माणसाला चित्रात तो स्वतः दिसायला हवा.

"आणि तुझी माणसं ना सिद्धेश," ती म्हणाली, "तिथे ऑलरेडी राहतात असं वाटतं."

ते राहतातच, असं सिद्धेश म्हणाला. तोच तर प्रॉब्लेम आहे, असं ती म्हणाली.

आधी पापड गेले. मग धाकूकाकांच्या बनियनवर लिननचा शर्ट चढला, पण त्यात ते घर चुकल्यासारखे दिसू लागले. नानांच्या हातातला पेपर जाऊन कॉफीचा मग आला. तरीही रश्मीचं समाधान होईना. अखेर चंद्रप्रकाश स्वतः सोसायटीत आला. मेंबरांचा अपमान करायची त्याची इच्छा नव्हती. तो एवढंच म्हणाला की चित्र जितकं पॉश, तितका टॉवरचा भाव, आणि टॉवरच्या भावात तुमच्याही घरांचा भाव आला. मेंबर चित्रात हवेत की नकोत, हे मेंबरांनीच ठरवावं. आपण लोकशाही मानतो.

नकोत म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत, असं ठरलं. पहिला हात नानांचा वर गेला. मग सुगंधाकाकूंचा, मग दुसऱ्या मजल्याचा, आणि दुसरा मजला गेला म्हणून तिसऱ्याचा. धाकूकाकांनी इकडेतिकडे बघून अर्धा हात वर केला. तो पूर्ण धरण्यात आला. पण स्वतःला चित्रातून काढायचा ठराव लिहून घेताना नानांचं पेन अडखळलं. उद्या मुलंबाळं काय म्हणतील, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मधला मार्ग काढला. मेंबरांना काढू नये. ते आहेत तिथेच राहावेत, आणि प्रत्येकाच्या पुढे एकेक झाड लावावं. म्हणजे मेंबर चित्रात असतील, फक्त दिसणार नाहीत.

हे सर्वांना इतकं पटलं की टाळ्या पडल्या. चंद्रप्रकाशही खूश झाला. झाडं पॉशच दिसतात.

सिद्धेश उठून म्हणाला की माणूस दिसतच नसेल तर त्याला चित्रात ठेवण्यात अर्थ काय. नाना त्याला मायेने म्हणाले, "तू आर्टिस्ट आहेस रे, तुला तत्त्वाची गोष्ट कळायची नाही."

त्याने झाडं लावली. नानांपुढे पाम, पूलवाल्यांपुढे बांबूची रांग, सुगंधाकाकूंपुढे बोगनवेल. काम झाल्यावर कमिटी तपासणीला त्याच्या घरी आली, कारण नाना कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. सिद्धेशने कॉम्प्युटरवर झाडांचा थर बंद केला. सगळे मेंबर उजेडात आले. नानांनी एकेकाला बोट लावून मोजलं, स्वतःला दोनदा. मग झाडं पुन्हा चालू करायला सांगितली, आणि सगळे चहा पिऊन समाधानाने गेले.

कमलमावशी कमिटीत नव्हत्या. त्या दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या. त्यांनी झाडं बंद करायला सांगितलं नाही. त्यांच्या बाकापुढे सिद्धेशने केळ लावली होती, तिच्याकडे त्या नुसत्या बघत राहिल्या.

"सावली तरी चांगली आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "पण पान जरा वर घेता येईल का रे?"

सिद्धेशने एक पान वर घेतलं. बाकावर टेकलेली दोन पावलं उघडी पडली, टाचेच्या भेगांसकट. मावशी हसल्या आणि गेल्या. चित्र तसंच छपाईला गेलं आणि गेटवर इमारतीएवढं होर्डिंग लागलं. इतक्या मोठ्या आकारात ती पावलं चांगली हातभर झाली होती.

रश्मीच्या लक्षात आलं तेव्हा सिद्धेश बोलणी खायच्या तयारीत होता. पण फ्लॅट बघायला आलेल्या एका जोडप्याने त्या पावलांविषयी फार आपुलकीने विचारलं होतं. नव्या ब्रोशरमध्ये सोयींच्या यादीत फूट स्पा गार्डन वाढलं. मावशींना हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की मग आपल्या जुन्या मेंबरांना तिथे जाता येईल का. कोणाला ठाऊक नव्हतं. करारात बागेविषयी जे होतं ते सर्वांनी चित्रात बघितलं होतं, कागदावर नाही.

सोसायटी रिकामी झाली. कोणी भाड्याने गोरेगावला गेलं, कोणी कुर्ल्याला लेकीकडे. सिद्धेशला मात्र कामाला तोटा राहिला नाही. त्याची झाडं बिल्डरांत नावाजली. मुलुंडला एका टॉवरमागची चाळ त्याने अशोकाच्या रांगेने झाकली. घाटकोपरला एक अख्खी टेकडी, घरांसकट, हिरवी केली.

पुढचं काम बोरिवलीचं होतं. तिथल्या सेक्रेटरीला त्याने सवयीने विचारलं की मेंबरांचे फोटो काढायला कुठल्या रविवारी येऊ. त्यांना कळेना. सिद्धेशने समजावलं की आधी माणसं बसवायची आणि मग त्यांच्यापुढे झाडं लावायची, अशी पद्धत आहे. सेक्रेटरी समजूतदार होते. ते म्हणाले, एवढा व्याप कशाला, तुम्ही डायरेक्ट झाडंच लावा ना.

ते चित्र अर्ध्या दिवसात झालं. रात्री जेवताना त्याने श्वेताला सांगितलं की आता काम फार सोपं झालंय. मग जेवत का नाहीस, असं तिने विचारलं. भूक नाही, असं तो म्हणाला, आणि तिने वाढलेला भात त्याने मुकाट्याने संपवला.